जुन्या याशिका इलेक्ट्रो ३५ साठी लागणाऱ्या वस्तू घरीच कशा बनवायच्या

आमच्याकडचा कॅमेरा मामाने मस्कतहून आणलेला, याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. माझ्या हातात आला तेव्हा तो बरीच वर्षं कपाटात लेदर केसमध्येच पडून होता. बॅटरी नाही, लेन्सचं झाकण हरवलेलं, आणि मागचं दार उघडलं तर काळा चिकट डांबरासारखा चिखल. पहिले दोन महिने मी नुसता गोंधळलेलो होतो, कारण सुटे पार्ट मिळत नाहीत, मिळाले तर बाहेरून मागवावे लागतात आणि कुरिअरचा खर्च वस्तूपेक्षा जास्त. मग एकेक गोष्ट घरी करायला लागलो. काही फसल्या, काही इतक्या छान जमल्या की आजही त्याच वापरतोय. तुमच्याही घरात असा कॅमेरा निघाला असेल किंवा जुन्या बाजारातून उचलला असेल तर हे वाचून सुरुवात करा, म्हणजे मी वाया घालवलेले दोन रोल तुमचे वाचतील.

हा कॅमेरा १९६६ साली आला, मग त्याचे जी, जीटी, जीएस असे प्रकार निघत गेले आणि १९७३ मध्ये जीएसएन आणि काळ्या रंगातला जीटीएन. लेन्स ४५ मिमी, एफ १.७, फिल्टरचे आटे ५५ मिमी. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) तुम्ही लावायचं, शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) कॅमेरा स्वतः ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० सेकंदापर्यंत. खालची मापं याच कॅमेऱ्याची आहेत, पण पद्धत दुसऱ्या कुठल्याही रेंजफाइंडर कॅमेऱ्याला (ज्यात लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करतात) चालेल, फक्त माप स्वतः घ्यायचं.

एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि तुम्हीही घाला: कॅमेऱ्याला कापायचं नाही, ड्रिल मारायचं नाही, कायमचं काही चिकटवायचं नाही. आपण बनवलेली प्रत्येक वस्तू काढून ठेवता आली पाहिजे. मागच्या दाराचे सील (फटीतून येणारा उजेड अडवणाऱ्या पट्ट्या) हा एकच अपवाद, आणि तिथेसुद्धा चिकटवायचं ते पुन्हा सोलता येईल असंच.

आधी हे तपासा

वस्तू बनवायला बसण्याआधी रोल न भरता फिल्म पुढे सरकवायचा लिव्हर पूर्ण ओढा आणि कान देऊन ऐका. आतून एक स्पष्ट 'खट्' असा दणकट आवाज यायला हवा. या कॅमेऱ्यात शटरच्या यंत्रणेत एक छोटा रबरी पॅड असतो, तो वयाने कुजतो आणि गळून पडतो, मग तो आवाज येत नाही आणि एक्स्पोजर भलतंच होतं. असं असेल तर आधी कॅमेरा चांगल्या मेकॅनिककडे न्या, कारण पॅड गेलेल्या कॅमेऱ्यावर हूड (बाजूचा उजेड अडवायला लेन्सपुढे लावतात ते) नि फिल्टर बनवण्यात वेळ घालवून उपयोग नाही. आवाज येत असेल तर पुढे चला.

लागणारं सामान

सगळं एकदम आणू नका, जे बनवायचंय त्यापुरतं आणा.

- व्हर्निअर कॅलिपर (प्लॅस्टिकचा साधाही चालतो, पण पाहिजेच), स्टीलची पट्टी, कंपास, कोनमापक
- कटर, बारीक कात्री, चिमटा, पॉलिश पेपर
- जाड काळा कार्डपेपर, ट्रेसिंग पेपर, काळा मॅट रंग
- काळी मखमली रिबन, काळी बारीक लोकर
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, बांबूच्या काड्या, जुनं सुती कापड
- फेव्हिकॉल आणि रबर बेस्ड गोंद
- एलआर४४ बटण सेल ४ नग किंवा ४एलआर४४ बॅटरी १ नग, टॉर्चमधली स्प्रिंग
- पाव इंची बोल्ट, दोन-तीन नट, वॉशर
- नवार पट्टी, नायलॉनची दोरी

पुण्यात असाल तर नट-बोल्ट बोहरी आळीत, सेल आणि स्प्रिंग तपकीर गल्लीत, रिबन नि लोकर तुळशीबागेत आणि कार्डपेपर अप्पा बळवंत चौकात, एका शनिवारी सकाळी सगळं पायी होतं. मुंबईकरांना लोहार चाळ आहेच.

फेविक्विक यादीत नाही, ते मुद्दाम. त्याची वाफ काचेवर पांढरी साय धरते. लेन्सच्या जवळपास ती ट्यूब उघडूसुद्धा नका. बनवलेल्या वस्तूला वापरलंच तर एक पूर्ण दिवस उघड्यावर ठेवा आणि मगच कॅमेऱ्याला लावा.

१. बॅटरीचा अडॅप्टर

सुरुवात इथूनच करायची, कारण बॅटरीशिवाय हा कॅमेरा फक्त १/५०० वर फोटो काढतो. कडक उन्हात अ‍ॅपर्चर नीट लावून जमेल, पण घरात काढलेला रोल कोरा निघणार.

मूळ बॅटरी पीएक्स३२, ५.६ व्होल्टची पाऱ्याची. पारा असल्याने ती बनणं कधीच बंद झालं. तिचा आकार साधारण १७ मिमी जाड आणि ४४-४५ मिमी लांब. आपल्याकडे सहज मिळणारी ४एलआर४४ आहे ६ व्होल्टची, पण १३ मिमी जाड आणि २५ मिमी लांब. म्हणजे व्होल्टेज जमतंय, आकार जमत नाही, आणि अडॅप्टरला एवढंच काम करायचंय. ०.४ व्होल्टच्या फरकाने निगेटिव्ह फिल्मवर काही बिघडत नाही, मी कलर आणि ब्लॅक अँड व्हाइट दोन्ही काढलेत.

४एलआर४४ नाही मिळाली तर घड्याळवाल्याकडून ४ एलआर४४ बटण सेल घ्या (एजी१३ आणि ए७६ ही त्याचीच नावं), एकावर एक ठेवले की ६ व्होल्ट होतात आणि उंची जेमतेम २२ मिमी.

कृती अशी:

कार्डपेपरची ३५ मिमी रुंद लांबलचक पट्टी कापा. बॅटरीभोवती पातळ फेव्हिकॉल लावत घट्ट गुंडाळत जा, पण पहिला वेढा कोरा ठेवा म्हणजे बॅटरी नंतर बाहेर निघेल. बाहेरची जाडी १६.५ मिमी झाली की थांबा. १७ करू नका, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि नळी आत अडकून बसते. पावसाळ्यात माझी पहिली नळी चिमट्याने तुकडे करून काढावी लागली होती.

नळी वाळली की आत बॅटरी आणि उरलेल्या जागेत स्प्रिंग. स्प्रिंग मोकळी असताना रिकाम्या जागेपेक्षा ५-६ मिमी लांब असावी म्हणजे झाकण लावल्यावर दाब बसतो. टॉर्चची जाड स्प्रिंग उत्तम, पेनची फार बारीक आणि लगेच वाकडी होते. स्प्रिंगचं अरुंद टोक बॅटरीकडे ठेवा.

आता धोक्याची गोष्ट. पुष्कळ लोक स्प्रिंगऐवजी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा कोंबतात. मीही कोंबला होता. बटण सेलची रचना बघा, वरची सपाट बाजू आणि कडा दोन्ही पॉझिटिव्ह असतात आणि खालची छोटी गोल बाजू निगेटिव्ह. फॉइलची एक घडी सुटून कडेला टेकली की शॉर्ट. माझ्या शर्टाच्या खिशात तो अडॅप्टर चटका बसेल इतका तापला होता, कॅमेऱ्यात असता तर काय झालं असतं कोण जाणे. म्हणून ४ सेल वापरणार असाल तर आधी त्यांच्याभोवती साध्या कागदाचा एक वेढा घ्या, दोन्ही टोकं उघडी, आणि मग नळीत घाला. स्प्रिंगच वापरा, फॉइल नको.

बॅटरीचं झाकण कॅमेऱ्याच्या तळाला आहे, नाण्याने उघडतं. आत पांढरी किंवा हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर व्हिनेगरमध्ये काडी बुडवून पुसा, मग अल्कोहोलने पुसा, वाळू द्या. प्लस-मायनसची खूण बघून अडॅप्टर बसवा आणि मागचं छोटं चेकचं बटण दाबा. वर फ्रेम काउंटरजवळ हिरवा दिवा लागला की झालं. मला तो दिवा पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी मामाला तेव्हाच फोन लावला.

बटण सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेतू शकतं, घरात लहान मूल असेल तर सेल कुलपातच ठेवा.

२. मागच्या दाराचे सील

तो डांबरासारखा चिखल म्हणजे एके काळचा फोम. त्याचं काम दाराच्या फटीतून उजेड आत येऊ न देणं. तो कुजला की फोटोत नारिंगी-लाल पट्टे येतात, आणि वर त्याचे कण फिल्मवर बसतात ते वेगळंच.

साफसफाईला एक पूर्ण संध्याकाळ द्या. कॅमेरा दार खाली लटकेल असा धरा म्हणजे पडणारा कचरा शटरकडे न जाता बाहेर पडेल. फिल्म गेटच्या (जिथून उजेड फिल्मवर पडतो त्या चौकोनी खिडकीच्या) चौकटीवर कागद चिकटपट्टीने अगदी हलका लावून घ्या. बांबूच्या काडीचं टोक तासून पाचरीसारखं सपाट करा, अल्कोहोलमध्ये बुडवा, झटका आणि मग खाचेतून ओढा. ओली काडी थेट नेऊ नका, अल्कोहोल वाहत जाऊन शटरच्या पात्यांवर गेलं तर चिखल त्यांच्यावर बसतो. मेटलची सुई, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नको, खाचेचा काळा रंग निघाला की तिथून उजेड परावर्तित होतो.

मग लोकर. वर-खाली दोन लांब खाचा असतात, त्यात काळ्या बारीक लोकरीचा एकेरी धागा दाबून बसवा. गोंद फक्त दोन टोकांना आणि मध्ये एक-दोन ठिपके, टाचणीच्या टोकाएवढे. लोकर घेताना दुकानाबाहेर उन्हात धरून बघा, काही 'काळे' धागे उन्हात जांभळे किंवा तपकिरी दिसतात आणि ते उजेड पुरेसा अडवत नाहीत.

बिजागरीच्या बाजूला मखमली रिबन. तिची मागची बाजू रबरी गोंदाने लावायची. रिबन कापल्यावर कडेने धागे सुटतात, ते फिल्मवर जाऊन प्रत्येक फोटोत केसासारखे दिसतात, म्हणून कापलेल्या टोकांना आधीच गोंदाचं बोट फिरवून वाळवून घ्या.

इथला मोठा सापळा म्हणजे जास्त जाडी. 'उजेड शिरायलाच नको' म्हणून आपण दुहेरी रिबन लावतो आणि दार ताण देऊन बसतं. दार बोटाने हलकं दाबलं की 'टक्' करून बंद झालं पाहिजे. जोर लावावा लागत असेल तर एक थर काढा, नाहीतर कुलूप सैल होतं आणि एखाद्या दिवशी रोल आत असताना दार आपोआप उघडतं.

तपासायला रोल खर्च करू नका. रात्री खोली पूर्ण अंधारी करा, मोबाइलची टॉर्च लावून कॅमेऱ्याच्या आत ठेवता येत नाही हे खरं, पण किचेनवरचा छोटा एलईडी राहतो. तो आत ठेवा, दार बंद करा आणि कडा फिरवून फिरवून बघा. उजेडाची रेघ दिसली तिथे सील कमी पडतोय.

३. फोकस तपासायची काच

ही वस्तू बनवायला पाच मिनिटं लागतात आणि कोणी बनवत नाही. रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळल्या म्हणजे फिल्मवर फोकस बरोबर आहेच असं नाही, इतक्या वर्षांत कॅमेरा पडलेला-आपटलेला असू शकतो.

फिल्म गेटच्या वर-खाली दोन-दोन रुळांच्या जोड्या दिसतील. आतले रूळ फिल्मसाठी, बाहेरचे किंचित उंच ते मागच्या प्रेशर प्लेटसाठी. आपली काच आतल्या रुळांवर बसली पाहिजे. त्या मापाचा काचेचा किंवा कडक पारदर्शक प्लॅस्टिकचा सपाट तुकडा घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा आणि एका बाजूला मॅट चिकटपट्टी किंवा ट्रेसिंग पेपर सुरकुती न पडू देता लावा. ती मॅट बाजू लेन्सकडे. बाहेरच्या रुळांवर टेकवलीत तर सगळं आउट दिसेल आणि चांगला कॅमेरा बिघडलाय असं वाटून तुम्ही दुरुस्तीला न्याल.

आता कॅमेरा टेबलावर, बॅटरी आत, अ‍ॅपर्चर एफ १.७, रिंग बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं राहतं), केबल रिलीज (बटण दाबून धरायची तार) लावून शटर उघडं धरा. समोर गच्चीवरून दिसणारा लांबचा मोबाइल टॉवर किंवा इमारतीची कड घ्या, लेन्स इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या अंतराला). काचेवर उलटी प्रतिमा दिसेल, भिंगाने बघा. टॉवरच्या सळया कडक दिसल्या पाहिजेत. मग ३ मीटर आणि ०.८ मीटरवर वर्तमानपत्र लावून, रेंजफाइंडरमध्ये दोन प्रतिमा जुळवून तेच करा. अगदी जवळ फरक पडला आणि लांब बरोबर असेल तर रेंजफाइंडर ऍडजस्ट करून घ्यावा लागतो, ते मात्र मेकॅनिकचं काम.

हा उद्योग करताना डोक्यावर काळं कापड घ्या, उजेडात काचेवर काही दिसत नाही.

४. लेन्स हूड

या जुन्या लेन्सला बाजूने उजेड लागला की फोटो धुरकट होतो. दुपारी घाटात काढलेले माझे पहिल्या रोलचे निम्मे फोटो असेच दुधाळ आले. हूडने फरक किती पडतो ते एकदा स्वतः बघाच.

बरेच जण पीव्हीसी पाइपचा तुकडा लावतात. सरळ पाइप लांब झाला की कोपरे काळे पडतात. ४५ मिमी लेन्स कर्णात साधारण ५१ अंशाचा कोन बघते आणि एफ १.७ वर तर प्रकाशाचा झोत अजून रुंद असतो, त्यामुळे पाइप १५ मिमीपेक्षा लांब नको, आणि एवढ्याशा पाइपचा फायदाही एवढासाच. शंकूच्या आकाराचा हूड करा. माझं माप देतोय, हे तपासलेलं आहे:

लेन्सच्या पुढच्या कडेचा बाहेरचा व्यास ५७ मिमी. आत मखमल बसणार म्हणून हूडचं लहान तोंड ५९ मिमी, मोठं तोंड ७५ मिमी, खोली २० मिमी. हे कागदावर उतरवायला कार्डपेपरवर एकाच मध्यबिंदूतून दोन कंस काढा, एक ७९ मिमी त्रिज्येचा, दुसरा १०१ मिमी त्रिज्येचा. कोनमापकाने १३४ अंश मोजून दोन्ही टोकं जोडा. शिवाय एका टोकाला १० मिमी जास्तीची पट्टी चिकटवायला आणि आतल्या कंसाला १० मिमीचे दात. कापा, गुंडाळा, चिकटवा, शंकू तयार. मग १२ मिमी रुंद पट्टीची ५९ मिमी आतल्या व्यासाची कॉलर करा, शंकूचे दात तिला बाहेरून चिकटवा आणि कॉलरच्या आत मखमल लावा. लेन्सवर हलकं घासत बसायला हवं, दाबून नाही.

आधी हे सगळं साध्या कागदात करून बघा. थेट कार्डपेपर कापलात आणि दोन मिमी चुकलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

आतून मॅट काळा रंग द्या. चमकदार काळा रंग दिला तर हूड असून नसल्यासारखा. मी आतूनही मखमल लावली, त्याहून काळं मला काही सापडलं नाही.

आता कोपरे कापतोय का ते बघायची युक्ती, जी मला एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांनी शिकवली. मागचं दार उघडा, बी वर शटर उघडं ठेवा, अ‍ॅपर्चर एफ १.७, आणि फिल्म गेटच्या एका कोपऱ्यापाशी डोळा नेऊन तिरकं लेन्समधून बाहेर बघा. उजेडाचा लंबगोल तुकडा दिसेल. हूड काढून आणि लावून, दोनदा बघा. हूड लावल्यावर त्या तुकड्याची कड खाल्ली गेली तर तेवढा उजेड त्या कोपऱ्यात कमी पडणार. मग हूडची पुढची कड २-२ मिमी कापत जा. चारही कोपरे बघा, कारण हूड किंचित वाकडा बसला तर एकच कोपरा मार खातो.

व्ह्यूफाइंडरमधून बघाल तर उजव्या-खालच्या कोपऱ्यात हूडच दिसेल. तिथे हूडला छोटी खिडकी कापता येते, पण त्यातून उजेड शिरतो. मी कापली नाही, सवय होते.

५. पिवळा फिल्टर

ब्लॅक अँड व्हाइट रोल टाकणाऱ्यांसाठी. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात सिंहगडावर जे पांढरे ढग येतात ते फिल्टरशिवाय काढले तर आकाशासकट सगळं एकच करडं येतं. पिवळ्या फिल्टरने निळं आकाश गडद होतं आणि ढग सुटे दिसतात.

जुन्या बाजारात ५५ मिमीचा ओरखडे आलेला किंवा काच फुटलेला फिल्टर कवडीमोलाने मिळतो, आपल्याला त्याची रिंगच हवीय. आतली स्प्रिंगची तार किंवा आटे असलेली रिंग काढा, काच काढा, आणि त्या मापाचा पिवळा जिलेटीन पेपर कापून बसवा. जिलेटीन म्हणजे आकाशकंदिलाला लावतो तो कुरकुरणारा कागद नव्हे. मी तोच वापरून बघितला, त्याला सूक्ष्म लाटा असतात आणि फोटो मऊ येतो. नाटकाच्या लाइटवाल्यांकडे जो जाड पिवळा जेल असतो तो मागा, त्यांच्याकडे वितभर तुकडे उरलेले असतात आणि कामाचं सांगितलं की आनंदाने देतात. हाताचे ठसे उमटू देऊ नका, कडेनेच धरा.

आणि हे नीट वाचा, कारण इथे सगळेच चुकतात. इलेक्ट्रो ३५ चा उजेड मोजणारा मीटर लेन्समधून बघत नाही. त्याचा सेल कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला वर, वेगळ्या छोट्या गोल खिडकीत आहे. लेन्सवर फिल्टर लावला हे त्याला कळतच नाही. म्हणून एएसए (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) आपण बदलायचा: पिवळ्याला एक स्टॉप (दुप्पट उजेड), म्हणजे ४०० चा रोल असेल तर डायल २०० वर. केशरी असेल तर १००, लाल असेल तर ५०. घरच्या जेलचा गडदपणा कमी-जास्त असतो, मोबाइलवर लाइट मीटरचं ऍप घ्या, पांढरी भिंत मोजा, मग जेल मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरून पुन्हा मोजा, जेवढ्या स्टॉपचा फरक तेवढा एएसए खाली. फिल्टर काढला की डायल परत आणायचा. मी हूडच्या कडेला पांढऱ्या पेन्सिलीने 'एएसए?' असं लिहूनच ठेवलंय.

६. लेन्सचं झाकण, शेपटीसकट

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नसल्यामुळे झाकण लावलेलं असतानाही व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं छान दिसतं. मीटरही वेगळा, त्यामुळे शटरही पडतं. भाचीच्या बारशाचे ११ फोटो मी असे घालवले आणि ते परत येणार नाहीत.

म्हणून झाकण असं करा. ५७ मिमीवर बसेल असं कुठल्याही बाटलीचं प्लॅस्टिकचं झाकण शोधा (किंचित मोठं घ्या, आत मखमल येते). त्याला रेक्झीनची बोटभर रुंद पट्टी चिकटवा, एवढी लांब की झाकण लेन्सवर असताना ती वर येऊन व्ह्यूफाइंडरची पुढची खिडकी झाकेल. आता झाकण असेल तर तुम्हाला काळंच दिसणार, विसरायचा प्रश्नच उरत नाही. झाकणाला भोक पाडून दोरीने पट्ट्याला बांधा.

७. दोरीचा स्टँड

हा सगळ्यात स्वस्त आणि देवळात, किल्ल्यात जिथे ट्रायपॉड लावू देत नाहीत तिथे फार कामाचा. पाव इंची बोल्टला नायलॉनची दोरी बांधायची, दुसऱ्या टोकाला मोठा वॉशर. बोल्ट कॅमेऱ्याच्या तळाला, वॉशर पायाखाली दाबायचा आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. हात थरथरायचा थांबतो, १/१५ वरही बऱ्यापैकी धारदार फोटो येतो.

बोल्ट मात्र पाव इंच, इंचाला २० आटे असाच हवा. दुकानात नुसतं 'कॅमेऱ्याचा बोल्ट' म्हटलं तर एम६ हातात पडतो. तो ६ मिमीचा, आपला ६.३५ चा, आटेही वेगळे. एम६ सैलसा आत जातो आणि थोडा जोर लावला की तळाचे मऊ आटे खातो. मला एकाने ठामपणे 'सेमच आहे' म्हणून दिला होता, नशीब मी घरी येऊन कॅलिपर लावला. दुकानात जुन्या ट्रायपॉडचा स्क्रू किंवा नट घेऊन जा आणि तिथेच लावून बघा.

दुसरं म्हणजे लांबी. बोल्टचं टोक कॅमेऱ्यात ५ मिमीच्या वर जाता कामा नये. नट आणि वॉशर लावून तेवढंच टोक बाहेर ठेवा आणि मध्ये रबरी वॉशर घाला म्हणजे तळाला चरे पडत नाहीत.

८. पट्टा

झटपट होणारं काम. नवार पट्टी २० किंवा २५ मिमी, टोकं मेणबत्तीवर जरा वितळवून घ्या, चपला शिवणाऱ्या मामांकडून दुहेरी टीप मारून घ्या, घरच्या मशीनवर ती नीट बसत नाही. कॅमेऱ्याचं वजन पाऊण किलोच्या आसपास असतं, त्यामुळे सिंगल टीप नको. कॅमेऱ्याच्या कड्यात किचेनची रिंग घालाल तर मागे लेदरचा गोल तुकडा ठेवा, नाहीतर बॉडीवर अर्धवर्तुळाकार ओरखडे उठतात.

९. पावसाळ्यासाठी कोरडा डबा

कोकणात, मुंबईत, अगदी पुण्यातही जून ते सप्टेंबर कॅमेऱ्याचा काळ वाईट. लेन्सवर बुरशी धरते, सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात आणि नंतर ती काचेचं कोटिंग खाते. मूळ लेदर केस कितीही सुंदर असली तरी कॅमेरा तिच्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं.

रबरी गॅस्केट असलेला हवाबंद डबा घ्या. तळाला सिलिका जेल कापडी पुरचुंडीत, वर जाळी किंवा फोम, मग कॅमेरा, आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खाली गेला तर लेदर आणि वंगण दोन्ही सुकतं, म्हणून जेल जास्त झालं तर काढून घ्या.

जेलचा रंग बदलला की ते ओलं झालं, मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. निळं जेल असेल तर त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही, त्यासाठी वेगळं जुनं भांडं ठेवा. केशरी मिळालं तर तेच घ्या.

कॅमेरा डब्यात नुसता ठेवून देऊ नका. पंधरा दिवसांतून एकदा काढा, अडॅप्टर बाहेर काढून सेल गळलाय का बघा, रिंग फिरवा, वेगवेगळ्या उजेडात दहा-बारा वेळा शटर मारा. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी चहाबरोबर होतं आणि हल्ली भाची बाजूला बसून 'खट्' मोजते.

पहिला रोल कसा टाकायचा

सगळं बनवून झालं की ३६ चा महागडा रोल टाकू नका. २४ चा साधा घ्या आणि वहीत प्रत्येक फ्रेमपुढे लिहा: हूड होता का, फिल्टर होता का, डायल कितीवर, अ‍ॅपर्चर किती. पहिले चार फोटो उन्हात हूडसह आणि हूडशिवाय, पुढचे दोन एफ १.७ वर मोकळ्या भिंतीचे (कोपरे काळे पडतात का कळायला), मग दोन ०.८ मीटरवर, दोन पिवळा फिल्टर लावून. एक फ्रेम पुढे सरकवून कॅमेरा दहा मिनिटं उन्हात ठेवा, कुठल्या बाजूने उजेड शिरतो ते त्या फ्रेमवर उमटेल.

लॅबला रोल देताना निगेटिव्ह परत हवेत हे आधी बोलून घ्या. काही ठिकाणी फक्त स्कॅन पाठवतात, आणि उजेड कुठून गळतोय हे निगेटिव्हवर दिसतं, स्कॅनमध्ये कडा कापलेल्या असतात. उजेडाचा पट्टा फिल्मच्या कडेच्या भोकांपर्यंत पसरलेला असेल तर गळती मागच्या दारातून आहे, म्हणजे पायरी २ पुन्हा. फक्त फोटोच्या चौकटीतच असेल आणि भोकांकडे फिल्म स्वच्छ असेल तर उजेड लेन्सकडून आलाय, तेव्हा हूड तपासा.